वाटेकरीण

कस्तुरीच्या कोंबड्यांना त्या थंडीत जे झाले त्याला आजार म्हणावे की नाही, याविषयी दोन मते होती. शेजारच्या सत्यवतीच्या मते ती साधी सर्दी होती. कस्तुरीचे सासरे आप्पाजी म्हणत की सर्दी माणसाला होते. कोंबडीला होते ते नशीब. कोंबड्या मात्र दिवसभर चोची उघड्या टाकून फणसाखाली बसून राहत. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना फेस जमे, तोंडे सुजत, आणि अंडे आलेच तर त्याचे कवच बोटाच्या दाबाने आत जाई.

कन्नड मुलखातल्या के. आर. पुरमच्या पूर्वेला, रूळ ओलांडून तळ्याकडे गेले की पूर्वी जे गाव होते, त्याचे आता उंच इमारतींमधले एक भोक झाले आहे. त्या भोकात काही घरे मराठी बोलतात. त्यांचे पूर्वज कोणत्या फौजेबरोबर इथे आले हे इतिहासाला ठाऊक असेल. त्यांना ठाऊक नाही आणि त्यावाचून त्यांचे अडलेलेही नाही. जमिनी इमारतींखाली गेल्या. कस्तुरीचा नवरा गिरीराज रोज शहराचे एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर उभा राहायला जाई आणि परतल्यावर जेवेपर्यंत काही बोलत नसे. घराचे जे काही घरातच उरले होते ते फणस, आप्पाजी आणि कोंबड्या. लाल-काळ्या, उंच पायांच्या, झाडावर झोपणाऱ्या. बाजारात त्यांना नाटी म्हणत, म्हणजे गावरान, आणि त्यांचे अंडे घ्यायला इमारतींतल्या बायका खाली उतरत.

आजारी कोंबडी वेगळी करायची नाही, ही या घराची रीत होती. कस्तुरीच्या सासूने ती घालून दिली होती. आजारी कोंबडीने चोच घातलेले भांडे विसळायचे नाही; तेच पाणी धडधाकट कोंबड्यांपुढे ठेवायचे. "दुखणं वाटून घेतलं की हलकं होतं," असे सासू म्हणे. कस्तुरीने त्या थंडीत नेमके तेच केले. सगळ्या कोंबड्या ओळीने आजारी पडल्या आणि ओळीने उठल्या. एकही मेली नाही.

याच दिवसांत नंदकिशोर खाली आला. तो नागपूरचा, शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होता आणि जनावरांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत नोकरीला होता. भिंतीपलीकडून कोंबड्यांना मराठीत शिव्या ऐकू येतात याचे त्याला अप्रूप वाटले होते. त्या कोंबड्या शिंकतात हे कळल्यावर ते अप्रूप शास्त्रीय झाले. रविवारी सकाळी तो सुया आणि बर्फाची पेटी घेऊन फणसाखाली उकिडवा बसला.

"ताई, पंख असा उलगडून धरा. हां, अस्संच. तिला घाबरू देऊ नका."

"ती नाय घाबरत, सर. तुमीच घाबरलाय."

आप्पाजी खाटेवरून हसले. "कस्तुरे, सरांचाबी एक पंख धर."

पंखाखालची निळी शीर तिने अंगठ्याने दाबून फुगवली. सुई गेली. कोंबडी एकदाच थरथरली आणि तिच्या मनगटावर मान टाकून स्वस्थ पडून राहिली. एकामागून एक कोंबडी अशीच तिच्या हातात निमूट झाली.

संक्रांत झाल्यावर तो निष्कर्ष सांगायला आला. त्याने तो उभ्यानेच सांगितला.

"बर्ड फ्लूच्या घराण्यातलाच, पण सौम्य जातीचा विषाणू होता. यांनी तो पचवलाय. उद्या त्याच घराण्यातला मारका विषाणू आला, तर यांच्या शरीराला त्याची थोडी ओळख असेल. थोडी."

"म्हंजे मरणार नायत."

"कदाचित नाही मरणार. पण ताई, न मरणं आणि न बाधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात घ्या."

कस्तुरीने मान हलवली. शिकलेली माणसे चांगली बातमी दोन्ही हातांनी देतात आणि निघताना एका हाताने थोडी परत घेतात, हा तिचा अनुभव होता. परत घेतलेल्या भागाकडे तिने लक्ष दिले नाही. तो गेल्यावर ती आप्पाजींना म्हणाली, "आत्याबाई सांगायच्या तेच सर सांगत्यात. नुसतं सुई टोचून."

आणि इथपर्यंत ते खरेही होते.

फाल्गुनात तळ्याकाठच्या झाडांखाली कावळे पडू लागले. पडलेल्या कावळ्याभोवती कावळे जमत, ओरडत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतलेच काही पडलेले असत. मग सत्यवतीच्या कोंबड्या गेल्या. सकाळी दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांचे तुरे दुपारी जांभळे झाले, पायांवर रक्ताचे ठिपके उमटले, माना उलट्या वळल्या. त्या तशाच गरगर फिरल्या आणि पडल्या. सत्यवतीने त्या पोत्यात भरल्या. पोते तिला एकटीला उचलेना. कस्तुरी दुसरे टोक धरायला गेली. मेलेल्या पाखरांना वजन असते. जिवंतपणी ते जाणवत नाही एवढेच.

"तुझ्या बऱ्या हायत?" सत्यवतीने विचारले.

"काल स्वल्प मान टाकून बसल्या होत्या. आज उकिरडा उकरत्यात."

सत्यवतीने भिंतीवरून पाहिले. कस्तुरीच्या कोंबड्या खरोखरच उकिरडा उकरत होत्या. त्यांच्या हगवणीचा हिरवा रंग एवढाच आदल्या दिवसाचा पुरावा उरला होता, आणि तोही त्या उकरून मातीत मिसळत होत्या.

"कस्तुरक्का, तुझ्या कोंबड्यांना मरण दिसत नाय का ग? का वळखीतलं हाय?"

यात मत्सर होता. कस्तुरीला तो कळला आणि गोड लागला. मरणाशी ओळख असणे ही त्या वस्तीत कुणाला सहसा न मिळणारी प्रतिष्ठा होती. तळ्यापलीकडून बायका बघायला आल्या. "काय घालतीस ग?" "हळद?" "हळद आमीबी घातली." कस्तुरी पदराला हात पुसत म्हणे, "घालत काय नाय. वाटून घेतलंय."

नंदकिशोरने सत्यवतीची एक मेलेली कोंबडी आणि काही कावळे तपासणीला पाठवले आणि कस्तुरीला फोन केला. "निकाल येईपर्यंत एकही पक्षी आवाराबाहेर जाऊ देऊ नका. विकू नका. कुणाला देऊ नका."

"सरी, सर," कस्तुरी कबूल झाली, आणि तिने शब्द पाळला. दारात आलेल्या गिऱ्हाइकांना तिने परत पाठवले. अंडीसुद्धा दिली नाहीत.

त्याच आठवड्यात तिची मुलगी संध्या बाळंत झाली. पहिली मुलगी माहेरी झाली होती. हे दुसरे बाळंतपण सासरी, होसकोटेच्या अलीकडच्या गावात झाले आणि मुलगा झाला. सासरा देवाप्पा अंड्यांच्या कोंबड्यांची मोठी शेड चालवत होता. पांढऱ्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांच्या रांगा, त्यांखाली अंडी घरंगळत येणाऱ्या पन्हाळ्या. माणूस शिस्तीचा होता. शेडच्या दाराशी चुन्याची रेघ, रेघेपलीकडे जांभळ्या औषधाचा टब. पाय बुडवल्याशिवाय तो व्याह्यांनाही आत सोडत नसे. संध्या पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा तिचे लग्नातले पैंजण त्या औषधाने काळे पडले होते. त्यावरून दोन्ही घरांत बरीच वर्षे थट्टा चालू होती.

पाचवीला माहेरची कोंबडी जाते. या लोकांत दोन जातात. एक कापून बाळंतिणीला रस्सा करतात. दुसरी कापत नाहीत. तिला वाटेकरीण म्हणतात. ती बाळाच्या पायांवरून उतरवून अंगणात सोडायची. बाळंतिणीच्या ताटातला पहिला घास तिचा. बाळाची शिंक, खोकला, ताप यांतला अर्धा वाटा ती घेते असा समज. म्हणून वाटेकरीण कोवळी चालत नाही, आणि कधी आजारी न पडलेली तर मुळीच नाही. दुखणे पाहून उठलेली लागते. ज्याने ओझे कधी उचलले नाही तो दुसऱ्याचे काय उचलणार, असा त्यामागचा विचार. आणि मानवी विचारांत तो काही सर्वांत मूर्ख नव्हे.

"ही बघ," आप्पाजी म्हणाले. काळ्या मानेची कोंबडी त्यांच्या मांडीवर होती. त्यांचा हात तिच्या छातीच्या हाडावरून फिरत होता. "भरलीय. हिनं थंडीतलं बघितलं, हे परवाचंबी बघितलं. दोन दुखणी पचवलेली वाटेकरीण आपल्या घरातनं आजवर गेली नाय."

गिरीराज दारात उभा होता. "ते सर कुठं द्यायची नाय म्हणालेत ना?"

"ते इकायचं म्हणालेत," कस्तुरी म्हणाली. मग तिला स्वतःलाच ते पुरे वाटले नाही. "अवो, आजारी कोंबडी असती तर मी पाठवली असती का? लेकीच्या घरात? बाळाच्या अंगावर? सगळ्यांत धड हाय तीच देते नव्हं."

यावरचे उत्तर वरच्या मजल्यावर होते. पण पाचवीच्या कोंबडीबद्दल साहेबाला विचारायला कोणी जिना चढत नाही. गिरीराजने टोपली स्कूटरच्या पायदानात दाबून बसवली आणि वर ओले फडके बांधले.

देवाप्पाने टोपली दारातच उघडून पाहिली. बाहेरचे पाखरू तो आवारात येऊ देत नसे. त्याने कोंबडीचे डोळे पाहिले, तुरा पाहिला, पंख वर करून नाक जवळ नेले. "कशी हाय बघा, पैलवान," तो म्हणाला. "पाचवीच्या पाहुणीला कोण अडवणार?" वाटेकरीण बाळाच्या पायांवरून उतरली. संध्याने ताटातला पहिला घास तिला घातला. मग ती अंगणात हिंडू लागली. जिथे तिथे हगली. घरातली माणसे त्यावरून घाईघाईने शेडकडे जाऊ-येऊ लागली. पाहुण्यांच्या गर्दीत टबातले औषध कोणी बदलले नाही. वाटेकरीण आपल्या वाट्याचे काम करीत होती. तिने कोणाचे काही घेतले नाही. तिच्यापाशी होते ते तिने दिले.

पाडव्याच्या आधी संध्याचा फोन आला.

"आई, शेडमधनं आवाज येत नाय."

"म्हंजे?"

"आवाजच नाय, आई."

कस्तुरी बसने गेली. पांढरे पोशाख घातलेली माणसे चेहरे झाकून शेडमधून गोण्या ओढत होती. पिंजऱ्यांत पांढऱ्या कोंबड्या होत्या तिथेच होत्या, फक्त माना जाळीतून खाली लोंबत होत्या; त्यांच्याखालच्या पन्हाळीत शेवटची अंडी अजून पडून होती. ज्या जिवंत होत्या त्यांनाही काढून गोण्यांत भरत होते. मागच्या शेतात यंत्राने खड्डा खणला होता. चुन्याची भुकटी वाऱ्यावर येत होती आणि कस्तुरीच्या दातांत करकरत होती.

अंगणात, खाद्याच्या पोत्यांच्या थप्पीवर, काळ्या मानेची कोंबडी पाय मागे फेकून पोते उकरत होती.

देवाप्पा ओट्यावर बसला होता. तो उठला. त्याने हातसुद्धा जोडले.

"या विहीणबाई. बसा. खुर्च्या अजून पुरल्या नायत."

कस्तुरी उभीच राहिली.

"बघा तुमची पाहुणी. किती टवटवीत हाय! आमच्या घरचं अन्न मानवलं तिला."

"अण्णा, देवाशपथ सांगते, ती आजारी नव्हती. आजारी पाठवीन का मी?"

"तेच तर म्हणतोय," देवाप्पा शांतपणे म्हणाला. "आजारी असती तर मी दारातनंच परत धाडली असती. मला कळतं आजारी पाखरू. आयुष्य गेलं त्यात. तुमी बरी पाठवलीत."

दाराच्या फटीतून संध्या दिसली. तिने बाळ घट्ट गुंडाळून छातीशी धरले होते. ती बाहेर आली नाही. बाहेर येऊ नको असे तिला सांगितले होते की तिला स्वतःलाच यायचे नव्हते, हे कस्तुरीला कळू शकले नाही.

पांढऱ्या पोशाखातले दोघे काळ्या मानेच्या कोंबडीमागे धावले. ती पोत्यांवरून छपरावर, छपरावरून नारळाच्या झापांवर गेली. पिंजऱ्यातली पाखरे धरणाऱ्यांना उडणारी कोंबडी माहीत नव्हती. त्यांची फजिती पाहून कोणी हसले नाही.

"विहीणबाई," देवाप्पा म्हणाला, "तुमचं ऐकंल ती."

कस्तुरीने पदर पसरला आणि जीभ टाळूला लावून हाक दिली, "बा, बा, बा." कोंबडी झापांवरून उतरून सरळ तिच्या पायांशी आली.

तळ्याकडचा निकालही तोवर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या पोशाखातल्या माणसांची गाडी कस्तुरीच्या दाराशी उभी राहिली. सत्यवतीच्या मेलेल्या कोंबड्यांभोवती जे वर्तुळ नकाशावर काढले होते, त्यातले प्रत्येक पाळीव पाखरू मारायचे होते. आजारी, धड, पाळलेला पोपट, सगळे. वर्तुळाच्या आत भोवतालच्या उंच इमारतीही होत्या. तिथल्या बाल्कन्यांतून माणसे मोबाइल उंच धरून उभी होती.

कस्तुरीने नंदकिशोरला फोन केला. तो आला, तोंडाला पट्टी बांधून फाटकाबाहेर उभा राहिला.

"सर, सांगा की यांना. रक्त तुमी बघितलंय. यांना काय होत नाय म्हणून सांगा."

"ताई, रक्त बघितलं म्हणूनच सांगता येत नाही." तो हळू बोलत होता. "ज्या मरतात त्या लगेच कळतात. तुमच्या मरत नाहीत. त्यांच्या अंगात विषाणू वाढतो, बाहेर पडतो, आणि त्या दाणे टिपत हिंडतात. रोगाच्या दृष्टीनं याच जास्त..."

"मग हे तवाच का नाय सांगितलंत?"

"सांगितलं होतं, ताई."

त्याने खरोखरच सांगितले होते. न मरणे आणि न बाधणे यांतला भेद त्याने याच फणसाखाली, स्वच्छ मराठीत, एका वाक्यात सांगितला होता. सांगणे त्याच्याकडे आणि त्याचा अर्थ लावून त्याप्रमाणे जगणे तिच्याकडे, अशी कामाची वाटणी होती. विद्या आणि जनता यांच्यात ती फार जुन्या काळापासून सुखाने चालत आली आहे. वर्षअखेर त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात कस्तुरीच्या अंगणाला एक क्रमांक होता, आणि तिथल्या पाखरांनी 'लक्षणीय संरक्षण' दाखवल्याची नोंद होती. चुकीचे काही नव्हते.

कोंबड्या फणसावर जाऊन बसल्या होत्या. माणसांनी दगड मारले, बांबू हलवले. दोन कोवळे फणस पडले.

"अम्मा," त्यांचा मुख्य कन्नडमिश्रित हिंदीत काकुळतीला येऊन म्हणाला, "स्वल्प बुलाओ ना. हमको आगे बहुत घर है."

"नको बोलवू," आप्पाजी खाटेवरून म्हणाले. मग त्यांनी वर बाल्कन्यांकडे पाहिले, सत्यवतीच्या रिकाम्या खुराड्याकडे पाहिले, आणि तोंड भिंतीकडे केले. "बोलव. धोंडे लागून मरण्यापेक्षा तुझ्या हातात बऱ्या."

कस्तुरीने हाक दिली. एकेक फांदी हलकी होत गेली. तिने प्रत्येकीला उचलले, पंख उलगडून नंदकिशोरने शिकवले होते तसे धरले, आणि हातमोजे घातलेल्या हातांत दिले. प्रत्येक कोंबडी एकदा थरथरली आणि तिच्या मनगटावर मान टाकून स्वस्थ पडली. मुख्य म्हणाला की इतक्या शांतपणे काम कुठेच झाले नव्हते.

बारसे लांबले. ज्येष्ठ लागता लागता निरोप आला, तोही गिरीराजच्या नावाने. कस्तुरीने बाळासाठी जुन्या रेशमी खणाचे कुंचडे शिवले होते, काठाला मोती लावले होते. तिने ते कोऱ्या कापडात बांधले. दोघे बसमधून उतरून चालत गेली.

शेड धुऊन रिकामी ठेवली होती. नवी पाखरे आणायला परवानगी मिळायची होती. चुन्याची रेघ आता शेडच्या दाराशी नव्हती. ती आवाराच्या फाटकात ओढली होती. शेजारी टब होता.

"मी या म्हणतोच हाय," देवाप्पा रेघेपलीकडून म्हणाला. "पण शेड पुन्हा भरायचीय. तुमच्या अंगणातनं तुमी आलाय. नियम मीच मोडला एकदा, पाहुणीसाठी. व्याहीबुवा, तुमी दिवसभर पीण्यात असता, तुमी पाय बुडवून या. विहीणबाई तिथं सावलीत बसतील. दिसतं तिथनं सगळं."

गिरीराजने तिच्याकडे पाहिले. "जावा," ती म्हणाली. "कुणीतरी जायला पायजे." त्याने वहाणा काढल्या, पाय टबात बुडवले आणि जांभळ्या पावलांनी आत गेला.

तिच्या हातातले गाठोडे एका पोरसवदा बाईने काठीने पुढे ओढून घेतले, सोडले, आणि कुंचडे टबात बुचकळले. मोत्यांसकट. पिळून ते अंगणातल्या तारेवर वाळत घातले. त्यातून जांभळे थेंब गळत राहिले.

कस्तुरी भिंतीच्या सावलीत टेकली. पाळणा दिसत होता. बायका पाळण्याखालून बाळ देत-घेत होत्या. गाणे ऐकू येत होते, पण शेडमधले धुण्याचे यंत्र कोणी बंद केले नव्हते म्हणून नाव ऐकू आले नाही. संध्या एकदा ओट्यावर आली. तिने बाळ दोन्ही हातांनी वर उचलून फाटकाच्या दिशेने धरले. लांबून त्याचे तोंड म्हणजे एक तांबूस ठिपका दिसत होता. कस्तुरीने हात वर केला. उन्हे तारेवर आली होती. कुंचडे वाळले की त्याच्या डोक्यावर घालतील, तेवढे पाहून निघू, असे तिने ठरवले.

तेवढ्यात शेडमधले यंत्र थांबले आणि बाळ शिंकले. लहानशी, स्पष्ट शिंक.

गाणे थांबले. अंगणातली सगळी माणसे वळली आणि फाटकाकडे पाहू लागली. संध्यासुद्धा.

कस्तुरी उठली. तिला खोकला नव्हता, ताप नव्हता, या वर्षात ती एक दिवसही आजारी पडली नव्हती. तिने पदर तोंडावर धरला आणि रेघेपासून आणखी मागे सरकून उन्हात उभी राहिली.